फेटा काढून आत यावे

माझं लग्न ठरलं त्याच वर्षी हिंगोलीत ते मोठं दुकान निघालं. काचेचं दार, आत गारवा, आणि माल आपला आपणच उचलून टोपलीत टाकायचा. गिऱ्हाइकाला सगळीकडे हात लावू देतात म्हणजे गिऱ्हाइकावर विश्वास असेल, असं मला वाटलं होतं. दारावरची पाटी वाचली आणि तो भ्रम गेला. पिशव्या, गाठोडी, हेल्मेट, टोपी, फेटा बाहेर जमा करावा, तोंडाचा रुमाल सोडून आत यावे, असं त्यावर ठसठशीत लिहिलं होतं. कुणीतरी म्हणे फेट्यात वेलदोड्याची पाकिटं दडवून नेली होती. नेली असतील. पण म्हणून जिल्ह्यातल्या सगळ्या म्हाताऱ्यांची डोकी उघडी करायची, हे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यातलं झालं.

शहरातून आलेल्या मालकाला काय ठाऊक असणार! आमच्या धनगरांत गड्याचा फेटा झोपताना आणि अंघोळीला उतरतो, नाहीतर घरात कुणी गेलं म्हणजे उतरतो. दिवसकार्य झाल्यावर सोयरे नवा फेटा बांधतात, मगच तो माणूस पुन्हा बाजारात दिसतो. त्यामुळे ओळखीचा कुणी बोडक्या डोक्यानं दिसला, की आमच्याकडे ‘काय झालं’ असं विचारत नाहीत. कोण गेलं, ते विचारतात. तेही पुष्कळदा त्याला विचारत नाहीत. दुःखातल्या माणसाला बोलतं करू नये, परस्पर सोयऱ्यांना कळवावं, अशी रीत आहे.

माझ्या लग्नात एकच अडचण होती, ती म्हणजे मामा. रामप्रसादमामा पुसेगावकडचा, आईचा पाठचा एकुलता एक भाऊ. नवरीला बोहल्यावर मामा आणतो, तिच्या पाठीशी मामा उभा राहतो. आणि आमचा मामा दहा-अकरा वर्षं उंबरा चढला नव्हता. आजोबा वारले तेव्हा आई-बाबा मेंढरं घेऊन लांब रानात होते. मामानं माणूस धाडला, त्याला ते सापडले नाहीत, आणि अंधार पडायच्या आत मामानं आजोबांना अग्नी दिला. आई पोचली तेव्हा राख गार झाली होती. तिनं साऱ्या भावकीसमोर सांगितलं, “ज्यानं मला बापाचं तोंड दावलं न्हाई, तो भाऊ मला मेला.” मामा म्हणाला, “मंग मेलोच समज.” दोघंही एकाच आईची लेकरं, दोघांची मान सारखीच ताठ. दरवर्षी भाऊबीजेला आई चंद्राला ओवाळायची आणि दिवसभर कुणाशी बोलायची नाही.

माझी सुपारी फुटल्यावर तिनं दोनदा निरोप धाडला. उत्तर आलं नाही. मग तिचं अपेंडिक्स फुटलं आणि तिला हिंगोलीला दवाखान्यात ठेवलं. पोट फाडलं, जगते की मरते असं झालं. सगळे सोयरे भेटून गेले. मामाला कळवलं होतं, तो आला नाही. भेटायची वेळ झाली की आई दाराकडे तोंड करून निजायची. मला मामाचा इतका राग यायचा, की वाटायचं पाठीशी एखादा खांब उभा करीन पण याला बोलावणार नाही.

सुट्टी झाली त्या दिवशी मी आईला घेऊन जीपनं पुढे गावी आले. आमचं गाव जवळा बाजारच्या अलीकडे. बाबा मागे थांबले, कारण आईचा हुकूम होता. ती बरी व्हावी म्हणून बाबांनी बिरोबाला नवस बोलला होता, त्याचं सामान घ्यायचं होतं. “त्या नव्या दुकानात समदं एका जागी भेटतंय म्हणतेत. धा दुकानं हिंडत बसू नका,” असं तिनं बजावलं.

तर बाबा, म्हणजे नामाजी, लाल फेटा, पाठीला आईच्या गोधडीचं गाठोडं, असे त्या काचेच्या दारापुढे उभे राहिले. दारावर नेमसिंग नावाचा पहारेकरी होता, जवळच्याच तांड्यातला. त्यानं गाठोडं घेऊन फळीवर ठेवलं, बिल्ला दिला आणि म्हणाला, “काका, फेटाबी.”

“फेटा काहून?”

“नियम हाय. तुमच्यासाठी सोडलं तर माझी नोकरी जाईल. आत कॅमेरा लावलाय.”

नेमसिंगच्या स्वतःच्या डोक्यावर कडक टोपी होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. बायको आताच मरणाच्या दारातून परत आली होती, आणि त्याच दिवशी भर रस्त्यावर डोक्यावरचा फेटा काढायचा! तो काढताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माघारी का फिरला नाहीत, असं मी नंतर विचारलं. तर म्हणाले, “नवसाचं सामान हाय, अर्ध्यातून कसं फिरू? आन् त्या पोराचीबी भाकर हाय.”

आत त्यांनी नारळ घेतले, कापूर घेतला, उदबत्ती घेतली आणि देवाच्या काठीला लावायला पांढरं कापड घेतलं. आता तुम्हीच सांगा, बोडक्या डोक्याचा माणूस पांढरं कापड, नारळ, कापूर टोपलीत घेऊन उभा दिसला तर कुणाला काय वाटेल?

ते रस्त्यावरून दिसलं नासेरचाचांना. नासेरचाचा शेळ्या-मेंढ्यांचे व्यापारी. आमच्याकडून बकरं घ्यायचे, मामाकडूनही घ्यायचे. आमच्या रीती त्यांना आमच्या पोरांपेक्षा जास्त ठाऊक. बाबांना काचेतून पाहून ते टेम्पोतून उतरले आणि दाराशी आले. नेमसिंगनं त्यांनाही पाटी दाखवली. “चाचा, टोपी काढून ठेवा.”

“नमाजाला काढत न्हाई बेटा, साबनासाठी कुठं काढू?” चाचा म्हणाले. ते बाहेरच थांबले. मग हळूच विचारलं, “ते आतले नामाजी, काही बोलले का?”

“काही बोलले न्हाईत,” नेमसिंग म्हणाला. “फेटा काढताना रडून राहिले व्हते.”

आई दवाखान्यात होती हे चाचांना ठाऊक होतं. त्यांची नजर फळीवरच्या गाठोड्यावर गेली. अनुसयाबाईची, म्हणजे आईची, गोधडी होती, आणि अनुसयाबाई कुठे नव्हती. टेम्पोत बकरी ओरडत होती, मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. चाचांनी काचेकडे बघून उजवा हात छातीवर ठेवला, टेम्पोत बसले आणि मोबाइलवरून पुसेगावला फोन लावला. त्या फोनबद्दल मी त्यांना कधीच बोल लावला नाही. त्यांच्या जागी मी असते तरी तेच केलं असतं.

इकडे बाबा फेटा बांधून, सामान घेऊन, दुपारी घरी आले. आई अंगणात बाजेवर बसून मऊ भात खात होती. बाबा तिला दुकानाची आणि पाटीची हकिकत सांगत होते, तेवढ्यात गिरणीवाला अय्याज अंगणात आला. गावात फोन त्याच्याच गिरणीत होता. अंगावर पीठ, आणि पिठाखाली तोंडाचा रंग त्याहून पांढरा. आईला पाहून तो जागच्या जागी थांबला.

“काकू, तुमी बऱ्या हाव?”

“बरी हाय की. काहून?”

त्यानं बाबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मग सांगून टाकलं. “पुसेगावहून रामप्रसादमामाचा मोबाइलवरून फोन आलता. रडून राहिले व्हते. म्हनले, मी निघालो, मी येईस्तोर उचलू नका.”

मला आधी काही कळलं नाही. बाबांना लगेच कळलं. त्यांचा हात फेट्याकडे गेला. “त्या दुकानात कुणी तरी बघितलं मला,” ते म्हणाले. “अय्याज, जा बाबा, फोन लाव. सांग, असं काही न्हाई.”

“थांब,” आई म्हणाली. तिनं ताटली खाली ठेवली. “काय म्हनला तो? पुन्हा सांग.”

“मी येईस्तोर उचलू नका, म्हनले.”

आईनं पदर डोक्यावरून घेतला. मग म्हणाली, “सांग त्याला, न्हाई उचलत. वाट बघून राहिलेत म्हणाव.”

अय्याज दोन पावलं मागे सरला. “काकू, जित्या मानसाचं असं कसं सांगू? खोटं हाय ते.”

“खोटं काय हाय त्यात? उचलनार न्हाईत, हे खरं. वाट बघून राहिलेत, हेबी खरं. तू तेवढंच सांग, फुडचं त्याचं तो समजंल.”

मी भडकले. माणूस रडत येतोय, वाटेत त्याला काही झालं तर? आणि ही बातमी माझ्या सासरी पोचली, त्यांनी तारीखच मोडली तर? मी बोलत सुटले. आईनं मला बोलू दिलं आणि मग सावकाश म्हणाली, “शिवकन्या, जिती हाय म्हणून कळलं तर तो हिंगोलीवरूनच माघारी जाईल. दवाखान्यात पडले तवा आला का? मेले म्हणून तरी येऊन राहिला. येऊ दे.”

अय्याज गेला. आईनं मला अंगण झाडायला लावलं आणि बाबांना हाक मारली. “तुमी वेशीजवळ जाऊन उभं राहा. फेटा बराबर बांधा. तो आधी तुमच्या डोक्याकडं बघंल. दारात आल्यावर एकदम नको कळायला, पोटातून हादरंल.”

मग बाबांनी फेटा सोडून पुन्हा बांधला, सणाला बांधतात तसा, शेव पाठीवर सोडून. मीही त्यांच्याबरोबर वेशीवर गेले.

उन्हं कलली तेव्हा जीप आली. वेशीजवळ थांबताच मामीनं आत बसूनच गळा काढला. मामा खाली उतरला. मी त्याला लहानपणी पाहिलं होतं, तेव्हा तो दांडगा होता. आता खांदे पडले होते, आणि डोकं उघडं होतं. त्यानं घरूनच फेटा काढून ठेवला होता. बाबांच्या गळ्यात पडायला तो पुढे झाला आणि मध्येच थांबला. त्याची नजर बाबांच्या डोक्यावर होती.

“दाजी,” तो म्हणाला, “फेटा?”

“काढायचं काही कारन झालं न्हाई,” बाबा म्हणाले. “घरी चल. आक्का वाट बघून राहिली तुझी.”

मामीचं रडणं अर्ध्यात थांबलं. मामा भराभर घराकडे चालू लागला. अंगणात आई बाजेवर तशीच बसलेली, पदर डोक्यावरून घेतलेला. भावाला पाहून तिनं एवढंच विचारलं, “आलास?”

मामाला राग आला. मला वाटलं, गेला आता हा माघारी. “आक्का, असं करतेत व्हय?” तो म्हणाला. “सारी वाट मी...” तो बाजेजवळ खाली मातीत बसला आणि लहान लेकरासारखा रडायला लागला. “मी मानूस धाडला व्हता आक्का. तुमी कुठं हाव कुनाला ठाऊक न्हवतं. दिस बुडून राहिला व्हता.”

“ठाऊक हाय,” आई म्हणाली. “मला तवाच ठाऊक व्हतं.” तिनं त्याच्या उघड्या डोक्यावर हात ठेवला आणि मग तिचाही बांध फुटला. दहा-अकरा वर्षं ज्यासाठी घालवली ते तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, हे ऐकून मला तिचा राग यायला हवा होता. पण मलाच रडू आवरेना.

मामीच्या काखेत एक पिशवी होती. ती मामी सारखी पाठीमागे सरकवत होती. आईनं डोळे पुसले आणि म्हणाली, “ती पिशवी आन इकडं. आमच्या घरी बाहेर जमा करायची पद्धत न्हाई.”

मामी हलेना. मग मामानंच ती घेऊन आईच्या मांडीवर ठेवली. आत हिरवी साडी होती, खण, हिरव्या बांगड्या आणि कुंकवाची पुडी. सवाष्ण मेली की शेवटचं लुगडं माहेरचं असतं, ते भाऊ आणतो. मामानं वाटेत जीप थांबवून घेतलं होतं. आईनं साडीचा काठ बोटात धरून पाहिला.

“भारी घेतलंस,” ती म्हणाली.

“दे इकडं. परत करतो,” मामा म्हणाला. त्याला त्या साडीकडे बघवत नव्हतं.

“परत कशाला? कवा तरी लागनारच हाय. तवा तुझी धावपळ नको. लग्नाला दुसरी आन.”

दुसरी त्यानं आणली. चैत्रात माझं लग्न झालं, तेव्हा मामानं मला हाताला धरून बोहल्यावर नेलं आणि अक्षता संपेपर्यंत तो पाठीशी उभा होता. नासेरचाचा लग्नाला आले ते आईपुढे मान खाली घालूनच. आईनं त्यांना पंगतीत आग्रहानं दोनदा लाडू वाढला. ते दुकान फार चाललं नाही. फेटेवाल्यांना बाहेर ठेवून हिंगोलीत धंदा करायचा म्हटल्यावर दुसरं काय होणार?

हिरवी साडी आईच्या ट्रंकेत तळाशी राहिली. दर पावसाळ्यानंतर ती काढून ऊन दाखवायची आणि पुन्हा घडी घालून ठेवायची. मी म्हणायचे, नेस की एकदा. ती म्हणायची, “न्हाई, ती भावाची हाय.”

मामा तिच्या आधी गेला. पुढे आई गेली तेव्हा माहेरचं म्हणावं असं कुणी उरलं नव्हतं. अंघोळ घालायला जमलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, “भाऊ न्हाई, भावजय न्हाई. लुगडं कोन आननार?”

“आणलेलं आहे,” मी म्हणाले आणि ट्रंक उघडली.

साडी घेऊन बाहेर आले तेव्हा बाबा ओट्यावर बसले होते. त्यांनी साडी ओळखली. त्यांचा फेटा त्यांच्या मांडीवर होता. या वेळी तो काढा म्हणून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.