फवाऱ्यातलं टॉनिक

माहं डोकं गरम आहे, हे आमच्या बाळापूरकडं पोट्ट्यासोट्ट्याईलेही ठाऊक आहे. म्हणून तर माह्या भावानं, श्यामनं, शपथ घातली ते मलेच घातली. दुसऱ्या कोणाले घालाचं कामच नव्हतं.

श्यामच्या दोन्ही किडन्या गेल्या, तवा म्या माही एक देली. बाबाले द्याची होती, पण त्याईले शुगर, रोज पोटात इन्सुलिनची सुई. डॉक्टरनं त्याईले हात जोडले. अमरावतीले ऑपरेशन झालं. घरी धाडताना डॉक्टरनं आमाले समोर बसवून सांगितलं, का शरीर परक्या किडनीवर धावून जाते, म्हणून याची प्रतिकारशक्ती गोळ्या देऊन मुद्दाम कमी ठेवाची आहे, जलमभर. बाबानं मान हालवली. बाबाले एखादी गोष्ट पटत नाही तवा ते वाद घालत नाहीत, मान हालवतात.

श्याम बाबासंग गावी गेला, मी अकोल्याले माह्या सासरी आली. पोरगा जरा बाहेर पडला का सर्दी, जरा वारा लागला का ताप. बाबाच्यानं ते पाहवे ना. आमचे बाबा, नत्थुजी, जलमभर कपाशी पिकवलेला माणूस. औषध फवारलं का झाड मलूल पडते, म्हणून आमच्याकडं पंपात औषधासोबत टॉनिक टाकतातच. नुसतं औषध मारणाऱ्याले लोक येडा म्हणतात. डॉक्टरच्या गोळ्या म्हणजे औषध झालं, मंग टॉनिक कुठी आहे, असं बाबानं मनाशी धरलं. डॉक्टर शिकलेला असन, पण त्यानं कधी पंप पाठीवर घेतला का?

टॉनिक आणून देलं गजेंद्रनं. गजेंद्र पातूरचा, आधी फवारणीची औषधं विके, आता माणसाची विकते. शहरातले मोठे लोक प्रतिकारशक्ती वाढवाले पेप्टाइडची सुई घेतात, असं त्यानंच बाबाले सांगितलं. पेशंटले काय होते, एवढं मात्र त्यानं इचारलं. बाबा म्हणाले, कमजोरी. झालं! किडनीचं नाव नाही काढलं माणसानं.

इन्सुलिनमुळं बाबाचा सुईवर हात बसलेला. फ्रिजमधून बाटली काढाची, श्यामच्या पोटाची कातडी चिमटीत धराची आन् टोचाची. श्यामले समजत नव्हतं असं नाही, तो शाळेत मास्तर आहे. सुरुवातीले त्याच्या तोंडावर तेजही आलं म्हणे. पण खरं कारण त्यानं मले मंग सांगितलं.

"बाबा सुई भरताना इतके खुश दिसत, ताई, का माह्यानं नाही म्हणवलं नाही."

मंग पाय सुजले, लघवी कमी झाली. अमरावतीले नेलं, मीही तिथं पोचली. तपासणीत निघालं, का शरीरानं किडनी नाकारली. गोळ्यांशिवाय दुसरं काही चालू आहे का, असं डॉक्टरनं इचारलं, आन् बाबा बाहेर बसले होते, म्हणून श्यामनं सारं सांगितलं. त्याच सुईनं झालं असं छातीठोक सांगता येत नाही, पण याले ते सुई द्याचीच नव्हती, एवढं डॉक्टर म्हणाले. त्याईनं लय कोशिश केली. किडनी वाचली नाही. श्याम डायलिसिसवर आला.

माह्या तर तळपायाची आग मस्तकात गेली. माह्या पोटातली किडनी, आन् ते टॉनिकापायी गेली! बाबा खाली चहा घ्याले गेले होते. मी जाब इचाराले निघालीच होती, तं श्यामनं पदर धरला.

"बाबाले सांगशीन, तं माहं मेलेलं तोंड पाह्यशीन."

गप बसली मी. डायलिसिस अकोल्यालेच होये, म्हणून दोघंही माह्या घरी राहाले आले. पाहाले येणाऱ्या माणसाले बाबा सांगत, का आमीच चुकलो, टॉनिक उशिरा सुरू केलं, पहिल्यापासून देलं असतं तं किडनी टिकली असती. ऐकून माह्या अंगाची लाही होये. मी सैपाकघरात भांडे आपटत राहो.

एका दुपारी बाबा जेवत होते, मी पोळ्या करून राहिली होती, श्याम बाजूलेच खाटेवर पडला होता. जेवता जेवता बाबा सहज बोलून गेले, का उरलेल्या बाटल्या त्याईनं सकाळी गावी जाऊन तिथल्या किसनरावजवळ देल्या. किसनरावच्या पोरीले, शालूले, नुकतीच तिच्या मायची किडनी बसवली होती.

"आपल्यासारखा त्याईचा उशीर नको व्हाले," बाबा म्हणाले.

म्या गॅस बंद केला. श्यामकडं पाहिलं. त्यानं डोळे मिटून घेतले.

"बाबा," म्या म्हटलं, "श्यामची किडनी त्याच सुईनं गेली."

डॉक्टरचं ते छातीठोक नाही वालं म्या गाळलं. मुद्दाम गाळलं. अर्धवट सांगितलं असतं तं बाबानं मान हालवली असती, आन् तिकडं शालूले सुई टोचली गेली असती. आन् खरं सांगाचं तं त्यात माहा रागही होता. इतके दिवस गिळलेला.

बाबानं ताटातच हात धुतला. खरं आहे का, असं श्यामले इचारलं. श्यामनं डोळे उघडले नाहीत. मंग बाबानं किसनरावले फोन लावला.

"किसनराव, शालूले ते सुई देऊ नका. बाटल्या फोडून टाका. माह्या पोराची किडनी म्या मारली."

तिकडून काहीतरी इचारलं असन. "हो, म्याच," म्हणाले आन् फोन ठेवला.

मंग मले म्हणाले, "चंदा, तुही किडनी कुठून काढली होती?"

आतापर्यंत त्याईनं हे कधी इचारलं नव्हतं. आमच्या घरात बाप लेकीले असं इचारत नाही. म्या डाव्या कुशीवर हात ठेवून दाखवलं. बाबा उठले, साडीवरूनच तिथं तळहात ठेवला आन् तसेच उभे राहिले. म्या तो हात झटकला नाही. पण जाऊ द्या बाबा, असंही माह्या तोंडातून निघालं नाही.