वर माणूस आहे

मी एक जुनी पाटी आहे. पत्र्याची, पिवळ्या रंगाची, हातभर लांब, वरच्या दोन भोकांतून तार ओवलेली. पुण्यात पाट्यांना तोटा नाही, तेव्हा माझं कौतुक करा असं मी म्हणणार नाही. पण मित्रांनो, आलाच आहात तर थोडं ऐकून जा.

माझा जन्म शनिवार पेठेत, सीताराम पेंटरांच्या दुकानात झाला. साल एक्क्याण्णव. मला करून घ्यायला नागोराव आले होते. ते आमच्या ग्रामीण वीज सहकारी संस्थेचे अध्यक्ष. धायरीच्या पुढे डोंगराच्या अंगाला ज्या वाड्या होत्या, तिथे वीज न्यायला तेव्हा कुणी तयार नव्हतं. चार घरांसाठी एवढे खांब कोण रोवणार, असं सगळीकडून उत्तर मिळायचं. मग लोकांनीच शेअर घेतले, संस्था काढली, खड्डे खणले आणि तारा ओढल्या.

नागोरावांनी कागदावर मजकूर लिहून आणला होता. ‘कृपया स्विचला हात लावू नये. काम चालू आहे.’ सीताराम पेंटरांनी तो वाचला आणि चष्म्यावरून बघितलं.

“‘कृपया’ काढा,” ते म्हणाले. “कृपया वाचलं की माणूस कृपा करावी की नाही याचा विचार करत बसतो. आणि काम चालू म्हणजे काय? काम रस्त्याचंही चालूच असतं. वर कोण असतो?”

“आमचा वायरमन.”

“मग तसं लिहा ना.”

त्यांनी माझ्यावर ठळक लाल अक्षरांत लिहिलं, ‘थांबा. वर माणूस आहे.’ खाली बारीक अक्षरांत संस्थेचं नाव घातलं. नाव मोठं करा असं नागोराव म्हणाले, तेव्हा पेंटर म्हणाले, “नाव वाचून कुणी थांबत नाही.” ते चुकीचं बोलले नव्हते. पण पुढे एकाने ते नाव वाचलं, आणि घात झाला. ते येईलच.

संस्थेची वार्षिक सभा शाळेच्या पटांगणात भरायची. पंपाला लाइन आधी द्यायची की ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीला, यावर एका सभेत दुपारभर वाद झाला. शेवटी हात वर झाले आणि वस्तीचे हात कमी असूनही वस्ती जिंकली. पंपवाल्यांतलेच काही जण म्हणाले होते, आमचं पीक आठ दिवस थांबेल, त्यांनी जन्मभर कंदीलच बघितलाय. वस्तीतल्या कौशल्याबाईंनी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या नावावर शेअर घेतला. वस्तीची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा खांब, त्यांच्याच दारासमोर उभा राहिला.

त्याच सभेत एक रीत ठरली. वायरमन खांबावर चढणार असला की डीपीवरचा स्विच बंद करून त्याच्या दांड्याला मला अडकवायचं, आणि जवळच्या घरातल्या सभासदाने माझ्याशेजारी बसायचं. चढलेला माणूस खाली येऊन स्वतःच्या हाताने मला काढून घेईपर्यंत उठायचं नाही. नागोराव म्हणाले होते, लाइन आपली आहे तर वरचा माणूसही आपलाच आहे. याला सगळे नुसतं ‘बसणं’ म्हणायचे.

आमचा वायरमन दशरथ. बोलणं कमी, चढणं सरसर. आणि बसायला बहुतेक वेळा कौशल्याबाई, एका दगडावर, डाळ निवडत. एकदा आतून करपल्याचा वास आला. शेजारीण ओरडली, “अगं, भाजी लागली!”

“लागू दे,” कौशल्याबाई म्हणाल्या. “भाजी दुसरी टाकता येती. वर दशरथभाऊ हायेत.”

लग्नघरची माणसं यायची, चक्कीवाला यायचा, सगळ्यांना लाइट लगेच हवी असायची. बाई हलायच्या नाहीत. दशरथ खाली यायचा, मला काढून बगलेत मारायचा आणि म्हणायचा, “उठा ताई.” मग त्या उठायच्या. ते माझे सुखाचे दिवस होते. तेव्हा ते सुख आहे हे कळलं नाही, इतकंच.

पुढे वाड्या शहरात गेल्या. शेतं विकली गेली. ओढ्यावर स्लॅब पडला. डीपीच्या मागे सात मजली इमारत उठली आणि तिच्यात कॉम्प्युटरवर काम करणारी मंडळी राहायला आली. संस्थेच्या सभेला माणसं येईनाशी झाली. पंपच उरले नाहीत, तर पंपवाले कुठून येणार? नागोराव वारले. शेवटच्या सभेत उरलेल्यांनी हात वर केले आणि लाइन एका मोठ्या कंपनीला देऊन टाकली. दशरथ ठेकेदाराकडे लागला. काम तेच, खांब तेच. नवी पाटी कुणी दिली नाही, म्हणून तो मलाच वापरत राहिला.

एकदा कौशल्याबाई दगडावर बसल्या असताना कंपनीचे साहेब आले.

“बाई, आपण इथे कशाला बसलात?”

“वर माणूस हाय.”

“ते आम्ही बघू. आता आपण सभासद नाही, ग्राहक आहात. ग्राहकाने स्विचजवळ यायचं नाही.”

साहेब वाईट नव्हते, नियमच तसा होता. पण बाईंना ते फार लागलं. ज्या लाइनसाठी स्वतःच्या नावावर शेअर घेतला, तिच्यापासून त्यांना उठवलं होतं. “लई बरं झालं,” त्या म्हणाल्या. “माझीबी कंबर दुखत हुती.” त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. दशरथने नंतर दोनदा हाक मारली, तर त्या खिडकीतून म्हणाल्या, “तुमच्या सायबाला बसवा.”

घात झाला तो दिवस उन्हाळ्यातला होता. दशरथने दांडा खाली ओढून लाइन बंद केली, मला अडकवलं आणि इमारतीच्या मागच्या खांबाकडे गेला. डीपीपासून तो खांब दिसत नाही. दगड रिकामा होता. कौशल्याबाई खिडकीत होत्या. त्यांनी त्याला जाताना बघितलं आणि त्या बसायला आल्या नाहीत.

थोड्या वेळाने इमारतीतला अभिनव खाली आला. त्याचा परदेशातल्या लोकांशी फोन चालू होता, तो लाइट गेल्यामुळे मध्येच तुटला होता. वीज कंपनीला फोन केला, तर तक्रार नोंदवली आहे एवढंच ऐकू येत होतं. त्याने मला वाचलं. सगळं वाचलं, खालचं बारीक नावही. ती संस्था कधीच बंद झाली हे त्याला ठाऊक होतं. संस्था बंद, म्हणजे पाटीही जुनीच कुणाची तरी राहून गेलेली. आजूबाजूला कुणी बसलेलंही नव्हतं. त्याने मला काढून भिंतीला नीट टेकवलं आणि दांडा वर केला.

मागून एक आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग खूप माणसं.

मी त्याबद्दल फार सांगू शकत नाही. मी पत्रा आहे. मला तेव्हा काहीच वाटलं नाही, आणि अजूनही त्या जागी काहीच वाटत नाही. दशरथ कमरेच्या पट्ट्याने खांबाला लटकून राहिला म्हणून वाचला. उजवा हात मात्र कायमचा गेला. म्हणजे हात आहे, पण त्याला काही कळत नाही.

अभिनव पोलिसांना, डॉक्टरांना, दशरथच्या बायकोला एकच सांगत होता. “मी वाचलं होतं. मला वाटलं, जुनी आहे.” कौशल्याबाई डीपीपाशी आल्या. त्यांनी मला उचललं, घरात नेलं आणि धान्याच्या कोठीमागे भिंतीकडे तोंड करून ठेवलं. त्या दळायच्या, शिजवायच्या, झोपायच्या. मला अंधारात फक्त भांड्यांचे आवाज यायचे.

पुढच्या थंडीत एके सकाळी दशरथचा आवाज आला. पुढचं मला कोठीमागूनच कळलं. बाईंनी चहा केला आणि जुन्या सवयीने कप त्याच्या उजव्या बाजूला धरला. तोही जुन्या सवयीने घ्यायला गेला. चहा हातावर सांडला.

“अगं बाई, भाजलं का हो?”

“न्हाई,” दशरथ म्हणाला. “मला कळतच न्हाई.”

बाई खाली बसल्या आणि रडल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. “मी खिडकीत हुते, भाऊ. मला राग आला हुता म्हणून मी आले न्हाई.”

“ठाव हाय मला. जाताना मीबी तुमच्याकडं बघितलं हुतं.” मग तो म्हणाला, “उद्या मागच्या खांबावर नवा वायरमन चढणार हाय. संभाजी नाव. बायको पोटुशी हाय त्याची. पाटी तुमच्याकडं हाय म्हणं.”

त्यांनी मला काढलं, पदराने पुसलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. “घिऊन जा.”

“नुसती पाटी नेऊन काय करू? त्या दिवशी पाटी लटकलेलीच हुती की, ताई.”

खरंच होतं ते.

“मी ग्राहक हाय,” बाई हळूच म्हणाल्या.

“मीबी आता ग्राहकच हाय. ते साहेब आले तर मी बोलतो. तुम्ही बसा.”

दुसऱ्या दिवशी संभाजीने दांडा ओढला. दशरथने डाव्या हाताने मला अडकवलं. कौशल्याबाई दगडावर बसल्या. डाळ आणली नव्हती, हात मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. इमारतीतले लोक गॅलरीत आले, लाइट कधी येणार म्हणून वरूनच विचारू लागले. अभिनव जिना उतरून आला. बाईंना बघून तो लांबच थांबला. मग त्याने मला पुन्हा वाचलं, या वेळी मोठ्याने, गॅलऱ्यांकडे तोंड करून.

“वर माणूस आहे.”

गॅलऱ्यांतली माणसं एकेक करून आत गेली. बाईंनी दगडावर थोडी जागा केली. तो येऊन बसला.

काम उरकून संभाजी खाली आला. त्याला आमची रीत कुठली ठाऊक? तो पिशवी उचलून आधी गाडीत ठेवायला निघाला. बाईंनी हाक मारली.

“ओ दादा, पाटी काढा आधी. तुम्ही काढल्याबिगर आम्हाला उठता येत न्हाई.”

मित्रांनो, माझा रंग आता उडत आला आहे. संस्थेचं नाव तर वाचताही येत नाही. लाल अक्षरं कशीबशी टिकून आहेत, तीही एक दिवस जातील. तेव्हा तुमच्याकडे लाइट गेली, तर स्विचला हात लावण्याआधी बाहेर जा आणि वर बघा. खांबामागे, इमारतीमागेही बघा. वर कुणी असेल, तर तो उतरेपर्यंत खाली बसा. पाटीने ते होत नाही, मी करून बघितलं आहे.