गाळपट्टी

लातूर जिल्हा झाल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात जळकोटाजवळच्या आमच्या गावात पाण्याची एकच बारव उरली होती, आणि तिच्यावर पट्टी बसवली ती मी. मी गौरम्मा, पंचायतीतली एकटी बाई. टँकरचा अर्ज जुन्या जिल्ह्यातून नव्यात पोचेपर्यंत आम्ही काय ढगांकडे बघत बसायचं?

दुखणं साधं होतं. वरच्या गल्लीतले चंद्रप्पा आडते नव्या माडीच्या भिंतींवर रोज वीस घागरी पाणी मारत, आणि तहान लागायची खालच्या गल्लीला. तिचा नंबर शेवटी, तिच्या वाट्याला चिखल. बंदी घातली असती तर लोकांनी चोरून नेलं असतं. म्हणून मी म्हटलं, न्या ना बाबांनो, पण दुसऱ्याला जेवढा त्रास देता तेवढा स्वतःही सोसा. माणशी एक घागर माफ. त्याच्यावरच्या प्रत्येक घागरीमागे बारवेच्या तळातला टोपलंभर गाळ घरच्याच माणसानं डोक्यावरून वर आणायचा. गडी पाठवायचा नाही. पैसे तर मुळीच घ्यायचे नाहीत. चंद्रप्पांना पैशाचं काय कौतुक! लोक त्याला गाळपट्टी म्हणू लागले.

पण एक चूक झाली, आणि ती माझीच. आम्ही लिंगायत, गळ्यात लिंग बांधणारी माणसं; पूजेचं पाणी मोजावं हे मनातही आलं नाही. ते माफ, असं मी तोऱ्यात सांगून बसले. दुसऱ्या दिवसापासून वरची गल्ली अशी भाविक झाली की विचारू नका. चंद्रप्पांच्या घरी तर रोज वीस घागरींचा अभिषेक! ओल्या मात्र माडीच्या भिंती दिसत होत्या.

चौथ्या दिवशी खालच्या गल्लीतली केवळाबाई आली आणि तिनं आपली घागर माझ्या ओसरीवर पालथी केली. नुसता रेंदा.

"गौराक्का, हे लेकराला पाजू का? तुमचा देव लई पितो, मग आमी काय प्यावं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाजेपेक्षा राग जास्त, तोही स्वतःचाच. त्याच दिवशी दवंडी दिली: पूजेची माफी बंद, आणि सुरुवात माझ्या घरापासून.

घरात आम्ही दोघीच, मी आणि माझ्या सासूबाई शरणम्मा; मी त्यांना आत्याबाई म्हणते. तिसरी घागर आत्याबाईंच्या पूजेची. दवंडी ऐकून त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं.

सकाळी बारवेवर चंद्रप्पा सगळ्यांसमोर गरजले, "महादेवावर पट्टी लावायलीस का गौरम्मा? सासूला तरी विचारलंस का?"

आत्याबाई त्यांच्या बाजूनं एक शब्द बोलल्या असत्या तर पट्टी तिथंच बुडाली असती, आणि केवळाबाईच्या गल्लीचं पाणीही. तरी मी हटले नाही. म्हणाले, "अण्णा, आधी टोपलं, मग घागर."

तेवढ्यात आत्याबाई गर्दीतून पुढं आल्या. सत्तरीची बाई. माझ्याकडं त्यांनी बघितलंही नाही.

"चंद्रप्पा, मला मधी घालू नको," त्या म्हणाल्या. "सुनेचं काय ते मी घरी बघून घेईन. पण दुसऱ्याच्या लेकराच्या तोंडचं पाणी माझ्या लिंगावर चालायचं न्हाई."

त्यांनी पदर खोचला, पायऱ्या उतरल्या आणि गाळाचं टोपलं डोक्यावर घेऊन वर आल्या. मी धरायला गेले तर हात झिडकारला.

मग पांढऱ्या धोतरानिशी चंद्रप्पाही उतरले. पाचव्या टोपल्याला पायरीवरच बसले आणि दम खात म्हणाले, "आज पाचच घागरी बास." त्या आठवड्यात माडीचं काम थांबलं ते पावसाळ्यापर्यंत.

केवळाबाईच्या घागरीत त्या दिवशी पाणी पडलं. नितळ नव्हतं, पण पाणी होतं. मी सगळ्यांसमोर रडले, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

दुसऱ्या सकाळी मी बारवेवर निघाले तेव्हा आत्याबाईंनी तिसरी घागर माझ्या हातातून काढून घेतली.

"ऱ्हाऊ दे. आजपासून पूजेला तांब्याभर पाणी पुरे."

"म्हणजे माझं ऐकलंत!" मला हसू आवरेना.

"तुझं कशाला? कंबर दुखायली माझी," त्या म्हणाल्या. "आन देवाचं तांब्यात भागतंय, हे मला कुणी आधी सांगितलंच न्हाई."