धूळ न उडवणारी गाडी

ज्या गाडीमागे धूळ उडत नाही तिच्यावर विश्वास ठेवू नये, हे मी करमाडला शिकले. वऱ्हाडाची गाडी धूळ उडवते, पुढाऱ्याची तर विचारूच नका. पण जी गाडी बैलाच्या चालीने येते, तिच्यातला माणूस तुमच्या शेताकडे बघत असतो. आणि दुसऱ्याच्या शेताकडे फुकट कुणी बघत नाही.

वीस वर्षांपूर्वी करमाडच्या शिवारात आमची सहा एकर काळी जमीन होती. अशीच एक उघडी जीप हळूहळू आली, आतल्यांनी पाणी मागितलं, विहिरीची वाखाणणी केली. माझ्या सासूबाईंनी, मालनबाईंनी, त्यांना वाटेसाठी भाकरी बांधून दिली. महिनाभरात बांधावर पांढरे दगड आले आणि त्यांच्यामागून नोटिसा. आता त्या विहिरीवर कुठल्याशा कारखान्याच्या गाड्या उभ्या राहतात. मोबदला मिळाला, नाही म्हणत नाही. त्यातून सोयगावच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर ही चार एकर घेतली. उतार असा की ट्रॅक्टर चढत नाही, म्हणून आमची सगळी वस्ती अजून बैलांवरच शेती करते. जमीन मीच पसंत केली. जिथे ट्रॅक्टर चढत नाही तिथे सरकारही चढणार नाही, असं मला वाटलं होतं.

संक्रांत होऊन आठ दिवस झाले होते. मी कापसाची तिसरी वेचणी करत होते आणि खालच्या पांदीतून जीप येताना दिसली. वर टप नाही, दारं नाहीत, मागे धूळ नाही. 

जीप तीन ठिकाणी थांबली. पहिल्यांदा शेजारच्या गोकुळच्या हरभऱ्यापाशी, मग बैल नांगर ओढत होते तिथे, मग आमच्या बांधाला. चालवणारा म्हातारा पांढऱ्या दाढीचा, भुवईवर हात धरून लांब बघत होता. शेजारी त्याची बायको, डोक्याला ओढणी, मांडीवर मोठी वही. ती वहीत रेघा ओढत होती. वही दिसली तशी मी ओटीतला कापूस तिथेच ओतला आणि तरातरा बांधावर गेले.

म्हाताऱ्याने खाली उतरून सलाम केला. नाव याह्या सांगितलं, बायकोचं गजाला. शहरातून आलो, सिल्लोडपासून मोठा रस्ता सोडलाय, आडवाटांनी चाललोय, म्हणाला. मी विचारलं, काम काय? तर काही काम नाही, नुसतं बघायला निघालोय. काम नाही आणि पेट्रोल जाळत फिरतात, हे मला सांगताय? मी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. बूट झिजलेले, पण गुडघ्यात न वाकता चढावर सरळ उभा राहणारा माणूस. असे पाय शेतकऱ्याचे असतात, नाहीतर मोजणीवाल्याचे.

खाली सोयगावला जायची वाट त्याने विचारली. मी ओढ्याकडची वाट दाखवली. ती कुठे जात नाही. ओढ्यात गाळ आहे आणि त्या गाळात गेल्या साली गोकुळची रिकामी बैलगाडीसुद्धा रुतली होती. बसा, मनात म्हटलं, दिवसभर चाकं काढत, मोजा गाळ किती खोल ते. खोटं बोलल्याचं मला जराही वाईट वाटलं नाही, उलट पुढचा तासभर कापूस भराभर वेचला गेला.

दुपारी भाकरीला घरी आले, तर जीप आमच्याच मागच्या बांधावर उभी. म्हाताऱ्याने ओढा पार केला होता. इतक्या हळू चालवणारा माणूस गाळात रुतत नाही, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आणि पलीकडून फिरून ती वाट आमच्याच बांधावरच्या म्हसोबापाशी निघते, हेही मी रागात विसरले होते. खोटं बोलावं तर निदान पूर्ण वाट आठवून बोलावं.

सासूबाई त्या दोघांना भाकरी आणि ठेचा वाढत होत्या. माझे मालक, साहेबराव, जीपच्या बॉनेटवर हात फिरवत चौकशी करत होते. आमच्या मालकांना कुणीही गोड बोललं की ते खिशातलं काढून देतील. मी सरळ गजालाबाईंसमोर जाऊन हात पुढे केला आणि वही दाखवा म्हणाले. त्यांनी ती उघडून दिली.

पानोपानी बैल. पाणी पिणारे, रवंथ करणारे, एकाचं मोडकं शिंग. एका पानावर कापूस वेचणारी बाई, कमरेला ओटी बांधलेली. ती मीच होते. कपाळावरच्या आठ्या अगदी बरोबर काढल्या होत्या.

मला शरम वाटली, पण संशय असा एका घोटात उतरत नाही. मी याह्याचाचांना विचारलं, नोकरी कुठं केली?

त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "मोजणी खात्यात. एकतीस वर्ष."

"करमाडला व्हता?"

"करमाडलाबी व्हतो, ताई."

साहेबरावांचा हात बॉनेटवरून खाली आला. सासूबाईंना ऐकू कमी येतं, त्या आणखी एक भाकरी घ्या म्हणत होत्या. मला तर वाटलं, समोरचं ताट उचलून फेकावं. मी म्हणाले, जेवण झालं असेल तर निघा.

चाचा लगेच उठले. उठता उठता म्हणाले, "एकतीस वर्ष जमिनीवर चाललो, पर जमीन पाह्यलीच नाय. मोजणीची साखळी पाह्यली, कागद पाह्यला. आता रिटायर झाल्यावर हिला म्हणलं, चल, एकदा नुसतं पाहून घेऊ. म्हणून हळू चालवतो." त्यांनी माफी मागितली नाही. मागितली असती तर मी दिलीही नसती.

पण सासूबाई कुणाला देवाच्या पाया पडल्याशिवाय जाऊ देत नाहीत. त्यांनी चाचांचा हात धरून म्हसोबापाशी नेलं आणि त्याची कथा सुरू केली. यंदाच्या दिवाळीनंतर आम्ही सगळे सिल्लोडला लग्नाला गेलो, दोन दिवस घराला कुलूप होतं, आणि परत आलो तर पहाटे बांधावर देव उभा. आपोआप आलेला. सासूबाईंनी सूर्य उगवायच्या आत त्याला शेंदूर फासला. मी उठून गेले तेव्हा तो लालभडक झाला होता. तेव्हापासून दर अमावास्येला नारळ, आणि विहिरीचं पाणी काही आटलेलं नाही. नारळ आणायचं काम माझं.

चाचांनी बूट काढले. "हात लावू का, आई?"

"लाव की बाबा. देव काय तुझा-माझा असतो?"

त्यांनी दगडाच्या डोक्यावर बोट ठेवलं. शेंदराचा थर जाड होता. बोट त्यावरून एकदा उभं फिरलं, एकदा आडवं, आणि थांबलं. मग त्यांनी मान वर करून ओढ्यापलीकडच्या बाभळीकडे पाहिलं, तिथून वळून गोकुळच्या हरभऱ्याकडे. नजर दोरी ताणल्यासारखी सरळ. अशी नजर मी एकदाच पाहिली आहे, करमाडला, आमच्या विहिरीवरून फिरताना.

मी पुढे झाले आणि नखाने शेंदूर खरवडला. सासूबाई ओरडल्या, मी ऐकलं नाही. तीन अमावास्यांचे थर निघाले आणि खाली छिन्नीने कोरलेली फुली दिसली. फुलीखाली आकडा, करमाडच्या पांढऱ्या दगडांवर होता तसाच.

मी रस्त्यावरच्या प्रत्येक परक्या गाडीकडे डोळे वटारणारी बाई. बी-बियाणं विकायला आलेल्या पोरांनाही मी बांध ओलांडू दिला नाही. आणि या दगडाला स्वतःच्या हाताने नारळ फोडले. माणसावर संशय घ्यायची मला सवय होती, देवावर घ्यायचं सुचलंच नाही. मला रडू आलं, आणि त्या माणसासमोर आलं याचा जास्त राग आला.

"दुसरा कुठं हाय?" मी विचारलं.

"त्या बाभळीखाली एक पाह्यला येताना. त्याच्या पुढं टेकाडावर एक. दोन्हींना शेंदूर." चाचा बूट घालत हळू बोलत होते. "रस्ता असेल मोठा. नोटीस अजून नाय आली, म्हणजे रेघ पक्की झालेली नाय. दगड उपटू नका, गुन्हा लागतो. सगळ्या वस्त्यांनी मिळून हरकत दिली तर कधी कधी रेघ सरकते. एकट्याची नाय सरकत." मग म्हणाले, "करमाडला तुम्ही एकेकटे आले व्हते, ताई. मीच सह्या घेतल्या."

हे खरं होतं. आम्ही वेगवेगळे गेलो होतो, शेजाऱ्याला जास्त मिळेल या भीतीने, एकमेकांना न सांगता.

साहेबराव म्हणाले, उद्या बघू. मी पदर खोचला, सगळ्या वस्त्यांना आजच सांगू म्हणाले आणि जीपमध्ये मागे चढले. गजालाबाईंनी वही उलटी केली आणि मागचं कोरं पान काढून पेन्सिल हातात घेतली. चाचांनी जीप सुरू केली. दगड शोधायचे होते म्हणून ते आधीपेक्षाही हळू चालवत होते.

टेकाडाच्या पलीकडे पहिली वस्ती सुरेखाची. माझी जुनी ओळखीची, तिचंही शेत करमाडलाच गेलेलं. ती कापूस वेचत होती. जीप दिसली तशी ती कमरेतून सरळ झाली. तिच्या बांधाच्या कडेला चिंचेखाली एक लाल दगड होता, समोर ताजं फूल ठेवलेलं. गजालाबाईंनी तो कागदावर काढायला घेतला.

मी हात वर केला. सुरेखाने केला नाही. ती माझ्याकडे बघत होती, मग वहीकडे, मग जीपच्या मागे, जिथे धूळ उडत नव्हती. मी मोठ्याने तिला हाक मारली, थांब, तुला काही सांगायचं आहे. तिने पाण्याची कळशी उचलून आत नेली आणि घराचं दार लावून घेतलं.