‘आय वेअर’ म्हणणारी म्हातारी

काकांना सारी गल्ली भूतकाळमास्तर म्हणायची. जन्मभर इंग्रजी क्रियापदं शिकवून निवृत्त झाले, पण जित्याची खोड जाते थोडीच! दुकानाच्या पाटीपासून डॉक्टरच्या चिठ्ठीपर्यंत जिथे तिथे यांचं चुका काढणं सुरू. बायकोशी कधी दोन गोड शब्द बोलले नसतील, पण ‘गो, वेन्ट, गॉन’ झोपेतही चुकायचे नाहीत. उपयोग काय? कपाळ!

पुतणी नर्स. परदेशातल्या एका खेड्यात एका म्हातारीची सेवा करून नुकतीच परतली होती. म्हातारीचं इंग्रजी जुन्या वळणाचं: ‘यू’च्या जागी ‘दाऊ’, ‘आय वॉज’च्या जागी ‘आय वेअर’. तिकडे सगळेच तसं बोलत, आणि कुणाचं काही अडत नसे. पुतणीच्याही तोंडी ते बसलं होतं. काका नाक मुरडत. “विमानानं गेलीस आणि अडाण्यांची भाषा शिकून आलीस!”

त्या दुपारी म्हातारीचा फोन आला. हा शेवटचाच, हे दोघींनाही कळत होतं. तिला धाप इतकी की एकेक शब्द ओढून आणावा लागे. नीट ऐकू यावं म्हणून पुतणीनं फोन स्पीकरवर टाकला. काका समोरच पेपर घेऊन बसलेले.

“व्हेन दाऊ केम,” म्हातारी म्हणाली. तू आलीस तेव्हा. तिनं श्वास घेतला. “आय वेअर...”

“वॉज!” काका पेपराआडून गरजले. “आय वॉज!”

मग, माफ करा साहेब, मी फार शिकले नाही, असं काहीतरी म्हातारी तिच्या भाषेत ओशाळून पुटपुटली आणि फोन बंद झाला. पुतणीनं कितीदा लावला, कुणी उचलला नाही. मरणाच्या दारातल्या बाईला शरमेनं गप्प केलं, आणि हा गृहस्थ शब्दकोडं सोडवायला मोकळा!

दुसऱ्या दिवशी म्हातारीच्या लेकीचा संदेश आला. आई गेली, शेवटपर्यंत तुझं नाव घेत होती. काकांनी मान लांब करून वाचला. “बघ, हिनंही आईबद्दल ‘मम वेअर’च लिहिलंय. घराणंच तसलं!”

काकांच्या खिशातलं लाल पेन पुतणीनं काढलं, पेपराच्या कोपऱ्यात ‘व्हेन दाऊ केम, आय वॉज’ असं लिहिलं आणि पुढे रेघ ओढली. पेन त्यांच्या हातात दिलं.

“पोरांकडून जन्मभर रिकाम्या जागा भरून घेतल्यात ना, काका? आता ही भरा. मी तिच्याकडे गेले तेव्हा ती काय होती? घाबरलेली? एकटी? खूश?”

काकांनी पेन कागदावर टेकवलं. ते तिथंच राहिलं.

“भरा ना,” ती म्हणाली. “क्रियापद तर तुमचं बरोबर आहे.”