भोंग्यावरचं आमंत्रण

सुरभीनं स्कूटी थेट ऑटोपुढे आडवी घातली. ऑटोवाल्या खेमसिंगनं करकचून ब्रेक दाबला; टपावरचा भोंगा मात्र थांबला नाही.

"...आपल्या दिग्रसची डाळमिल, माह्या सुनेची कंपनी! शेअर घ्या, मालक व्हा! कोणीही या..."

आवाज तिच्या सासऱ्यांचा होता. भगवानराव मागच्या सीटवर माईक धरून बसले होते, इस्त्रीच्या सदऱ्यात, लग्नाला निघाल्यासारखे.

"मामाजी, आधी बंद करा ते!"

"काहून? अर्धं गाव राह्यलं अजून. पोस्टाजवळ तं आवाजच पोचला नाही."

तिनं हात घालून बटण बंद केलं.

"वहिनी, एक शेअर आमाले बी द्या!" पानठेल्यावरून कोणीतरी ओरडलं. बाकीचे हसले.

मिलच्या भांडवलासाठी महिनाभर ती अकरा घरांचे उंबरे झिजवत होती. सीए चारुदत्तकाकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं: कंपनी प्रायव्हेट आहे, शेअर द्यायचे ते आधी ठरवलेल्या माणसांनाच, नावानिशी पत्र देऊन. जाहिरात करायची नाही. अकराही जणांचे पैसे वेगळ्या खात्यात आले होते. परवा त्यातून डाळ निवडायची मशीन यायची होती. ती आली नाही तर नागपूरचा व्यापारी माल उचलणार नव्हता, आणि त्याच्यावाचून मिलला कुलूपच.

तिनं तिथंच रस्त्याच्या कडेला फोन लावला.

"काका, मामाजींनी शेअरसाठी गावात भोंगा फिरवला. पण त्यावरून कोणी आलं तरी मी पैसे घेत नाही. अकराच राहतील. चालेल ना?"

"नाही चालणार," चारुदत्त सावकाश म्हणाले. "सगळ्या गावाला बोलावलं, म्हणजे ऑफर खासगी राहिली नाही. अकराही जणांचे पैसे परत करायचे. मग सगळं पहिल्यापासून."

"तोवर मिल जाईल, काका." तिनं आवाज खाली आणला. "ऑटोच तर होता. लेखी काही नाही. कोणी विचारलं तर नव्हताच म्हणू. कोण सांगणार आहे?"



"माझ्याही दारावरून गेला ऑटो," ते म्हणाले. "आणि कागदावर सही माझी लागते, सुरभी."

फोन बंद करून ती स्कूटीच्या आरशाकडे बघत राहिली. आरशात भगवानराव माईकची वायर बोटाला गुंडाळत होते, सोडत होते.

"मले वाटलं, पोरगी अकरा जणांपाशी हात पसरून राह्यली," ते पुटपुटले. "गाव तं आपलंच आहे."

तिनं स्कूटी कडेला लावली आणि त्यांच्या शेजारी येऊन बसली. हात पुढे केला. त्यांनी माईक दिला.

"खेमसिंगभाऊ, सकाळी जिथून निघाले तिथूनच चला. त्याच रस्त्यानं."

पहिलं वाक्य तिला जमेना. घसा खाकरलेला तेवढा भोंग्यातून गावभर गेला.

"मी सुरभी बोलते. मघाशी सांगितलं ते चुकीचं होतं. आमच्या कंपनीला असे गावाकडून पैसे घेता येत नाहीत. कोणीही पैसे आणू नका. ज्यांनी आधी दिलेत, त्यांना परत मिळतील..."

दारात कांताबाई उभ्या होत्या. अकरा जणांत पहिलं पत्र त्यांनीच घेतलं होतं. सुरभीनं मान खाली घातली, पण बोलणं थांबवलं नाही.

पोस्टाच्या वळणावर भगवानरावांनी सदऱ्याची वरची गुंडी सोडली, पुढे वाकले आणि खेमसिंगच्या खांद्यावर हात ठेवला.

"आवाज वाढव," ते म्हणाले. "इथं ऐकू येत नाही."