शेणखताची इर्जिक

फी म्हणून मी कुणाकडून छदाम मागितला नव्हता. एक दिवस मागितला होता. जूनमधला एक शनिवार, आणि हातात शेणखताचं दाताळं.

मी व्हिज्मा. सामुदायिक शेती होती तेव्हा तिथली मातीची तपासनीस. बावीस वर्षं या टेकड्यांवरची माती नळ्यांत भरून पाहिली. बाहेरच्या देशांची मासिकं वाचता यावीत म्हणून हट्टानं इंग्रजी शिकले. तेच इंग्रजी एक दिवस माझ्या मुळावर येईल, हे कोणाला ठाऊक होतं!

सामुदायिक शेती मोडली आणि आमच्या लेयनिएकी या वाडीची जमीन आम्हाला परत मिळाली. वाळूसर, हलकी जमीन आहे. शेणखत घातलं तर राय, आमचं पावाचं धान्य, पिकवते, नाही घातलं तर ढुंकूनही बघत नाही. नवरा गेल्यावर मी आणि मुलगा इल्गव्हार्स असे दोघंच उरलो, आणि अकरा गाई.

गेल्या हिवाळ्यात तो म्हणाला, "आई, दोघांनी हे रेटत नाही. जूनमध्ये पूर्वीसारखी गाव गोळा करून इर्जिक जमली, पडीत रानात खत पडलं, तर ऑगस्टात राय पेरू आणि मी राहतो. नाही जमली तर गाई विकायच्या आणि मीही इंग्लंडला."

"जमेल," मी म्हटलं. "मी जमवते. तू बघच."

गावात तेव्हा एकच विषय होता. इंग्लंडला कोबी कापायला, कांद्याची पात उपटायला माणसं हवी होती, आणि रीगाचा दलाल निवडताना शेतीतले इंग्रजी शब्द विचारायचा. मी वाचनालयाच्या दारावर कागद चिकटवला: मंगळवारी संध्याकाळी शेतीचं इंग्रजी, फुकट, फक्त जूनच्या तिसऱ्या शनिवारी लेयनिएकीला शेणखत ओढायला यायचं. बारा जणांनी नावं घातली. मला वाटलं, जाणारे पानगळीत जातील. आमच्याकडे बटाटे लावलेला माणूस बटाटे काढल्याशिवाय दाराला कुलूप घालत नाही. बापजाद्यांपासूनची रीत आहे ही. त्या रितीच्या जिवावर मी निर्धास्त होते.

पहिल्याच दिवशी ट्रॅक्टरवाला तालिस म्हणाला, "व्हिज्माबाई, शेण ते शेणच ना! इंग्लंडची गाय काय अत्तर टाकते?"

"तालिस," मी म्हटलं, "मालक तुला आधी तोंड उघडायला लावेल. तुझ्यात आणि शेणात काय फरक आहे, ते त्याला कळू दे."

वर्ग खोखो हसला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? कित्येक वर्षांनी कुणी माझ्याकडून माती शिकत होतं. चिकणमाती, पोयटा, पडीत रान, चुना घालणं, हिरवळीचं खत, असे दोनशे चाळीस शब्द मी प्रत्येकाच्या वहीत स्वतःच्या हातानं उतरवून दिले. एकेकाला उभं करून घोकून घेतले. इतकं मन लावून शिकवलं की मेली मी, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

मे महिन्यात सायकलवरून जाताना मला दिसलं, परसांत बटाटे लावलेलेच नाहीत. वाफे तसेच गवतानं भरलेले. पहिल्यांदा तालिस गेला, मग दोघी बहिणी, मग एका आठवड्यात सात जण. कुणीच नापास झालं नाही. बारा नावांपैकी दोन उरली, तीही जूनच्या पहिल्या बसनं गेली.

तरी शनिवारी मी चौदा ताटं मांडली. राखाडी वाटाणे शिजवले, वर डुकराच्या चरबीचे तुकडे परतून घातले, घरची बिअर काढली. पहिली गाडी रिकामी करून येणाऱ्याला भिजवतात, म्हणून दाराशी पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवल्या. नऊ वाजता शेजारची म्हातारी मिर्दझा तेवढी काठी टेकत आली. तिच्या हातात एक पाव होता.

"बाकीचे कुठायत गं?" तिनं विचारलं.

"येतील," मी म्हटलं. लाज वाटली मला.

आम्ही मायलेकच जुंपलो. इल्गव्हार्स पहिली गाडी उलटवून आला तेव्हा मी रीत म्हणून बादली ओतली त्याच्यावर. तो हसला नाही. नुसतं तोंड पुसलं.

"अगं, पाणी कशाला वाया घालवतेस?" मिर्दझा म्हणाली. "पोरगं घामानंच भिजलंय."

निदान चाळीस गाड्यांचा ढीग होता. दुपारपर्यंत तीन गेल्या. माझी कंबर मोडली. इल्गव्हार्सनं दाताळं ढिगात रोवलं आणि तिथेच सोडलं. मिर्दझा माझ्याच ताटात दोन घास खाऊन गेली. मग तो आत जाऊन एक वही घेऊन आला. तालिसची. जाताना त्यानं याला दिलेली.

"आई, सोमवारी व्हाल्मिएराला दलालाची परीक्षा आहे. विचार ना मला."

म्हणजे महिनाभर हा रोज गोठ्यात पुटपुटायचा, ते हे पाठांतर होतं! इर्जिक जमेल यावर माझ्या पोराचाही विश्वास नव्हता. तरी मी वही घेतली. त्या बारा रिकाम्या ताटांसमोर बसून विचारायला लागले.

"शेणखत?"

"मॅन्युअर."

"पडीत रान?"

"फॅलो."

"पोयटा?"

"लोम."

शाळेत असताना या पोरानं इंग्रजीत कधी धड गुण मिळवले नव्हते. आता एकही चुकेना. देवा, एक तरी चुकू दे, असं मी मनात म्हणत होते. कसली आई मी! पानं संपत आली. शेवटचा शब्द राहिला, कुजून काळं झालेल्या त्या द्रव्याचा, ज्याच्यामुळे मातीत जीव असतो. तो मी सगळ्यांत प्रेमानं शिकवला होता.

"ह्यूमस," तो म्हणाला.

"चूक," मी म्हटलं.

त्यानं हात पुढे करून वही घेतली आणि ओळीवर बोट ठेवलं. नखात शेण होतं. त्यानं वर पाहिलं, पण रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"आई," तो हळूच म्हणाला, "हे तुझंच अक्षर आहे."

मी वही परत घेतली आणि मिटली.

"बरोबर आहे तुझं," मी म्हटलं. "पैकीच्या पैकी."